टेबलाच्या कडेवरची टकटक

आमच्या पूल हॉलच्या भिंतीवर एकच नियम लिहिलेला आहे: ‘बॉल दिला-घेतला जाणार नाही. शेवटपर्यंत खेळावे.’ अक्षर माझ्या सासऱ्यांचं. नवी गिऱ्हाइकं ते वाचून हसतात आणि मला विचारतात, इथे बॉल कोण कुणाला देतं? मी गल्ल्यावर बसते, त्यामुळे जगातले सगळे फालतू प्रश्न आधी माझ्याकडेच येतात. मी म्हणते, खेळा गुपचूप.

पूर्वी मात्र इथे बॉल देत असत, आणि ती पद्धत सासऱ्यांनीच पाडली होती. शेवटचा काळा बॉल पॉकेटच्या, म्हणजे टेबलाच्या भोकाच्या, अगदी तोंडाशी येऊन थांबला, फुंकर मारली तरी पडेल असा, की समोरच्याने टेबलाच्या लाकडी कडेवर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवायचं. टक टक. म्हणजे दिला. मग खेळणाऱ्याने तो बॉल हाताने उचलायचा आणि डाव संपला. हरणाऱ्याची शान राहते, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर त्यांनी ही टकटक ऐकली आणि बॉल उचलले, कारण बहुतेक वेळा तेच जिंकत. हॉलमध्ये त्यांना ‘बर्फ’ म्हणायचे. डाव कितीही चुरशीचा असो, त्यांचा हात हलत नसे. घरी चहा बशीत सांडल्याशिवाय कधी प्यायले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्यांचे थोरले भाऊ शहराबाहेरच्या गोल्फ क्लबात मुख्य माळी होते. आम्ही त्यांना काका म्हणतो. क्लब सोमवारी बंद असे आणि त्या दिवशी कामगारांना मैदानावर खेळायची मुभा होती. काका तिथेच खेळ शिकले आणि धाकट्या भावालाही अधूनमधून घेऊन जायचे. पूल मात्र ते कधीच धड शिकले नाहीत. हॉलमध्ये आले की काठी फावड्यासारखी धरायचे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दोघांचं एकच भांडण ऐकत आले. पूल अवघड की गोल्फ?

सासऱ्यांचं म्हणणं असं, की गोल्फमध्ये कसला आलाय दबाव? बॉल झुडपात गेला तरी पुढचा फटका तुझाच. तुझ्या बॉलला कुणी हात लावत नाही. पूलमध्ये एकदा चुकलं की जाऊन खुर्चीत बसायचं आणि दुसरा माणूस एकेक बॉल टाकत टेबल रिकामं करताना बघत राहायचं. पुन्हा पाळी येईल याचा भरवसा नाही. ती खुर्ची म्हणजे खरी परीक्षा. काका म्हणत, तुझं टेबल सपाट, डोक्यावर छप्पर, वारा नाही की दव नाही. माझं मैदान चढउताराचं. जे गवत मी सकाळी स्वतः कापतो तेच दुपारी माझा बॉल भलतीकडे नेतं. यावर सासरे ठरलेलं उत्तर द्यायचे: नाचता येईना, अंगण वाकडं.

मग काका शांतपणे शेवटचा मुद्दा काढायचे. हॉलमध्ये दहा डोळे तुझ्याकडे बघत असतात. मैदानावर कुणी बघत नसतं. तिथे आपली चूक आपणच सांगायची आणि आपणच फटका वाढवून घ्यायचा. याहून मोठा दबाव कोणता? हे वाक्य ते इतक्यांदा म्हणायचे, की माझ्या सासूबाई ते त्यांच्या आधीच म्हणून टाकायच्या. वर म्हणायच्या, दोघंही काठीने बॉल खड्ड्यात ढकलता, त्यात अवघड ते काय? तुम्हा दोघा भावांना सांभाळणं अवघड, त्याचा कप कुणी ठेवलाय का?

कप ठेवलेला होता, पण वेगळ्या गोष्टीसाठी. क्लबात दरवर्षी कामगारांची जोड्यांची स्पर्धा असे. एक कामगार आणि त्याचा एक नातेवाईक. दोघांत एकच बॉल, आळीपाळीने मारायचा, आणि सगळ्यात कमी फटक्यांत जे मैदानावरचे सगळे होल, म्हणजे खड्डे, संपवतील ते जिंकले. जिंकणाऱ्यांची नावं क्लबच्या मधल्या खोलीतल्या लाकडी फळ्यावर रंगवली जायची. काका आणि त्यांचा मुलगा कितीतरी वेळा दुसरे आले होते. दुसऱ्या नंबराचं नाव फळ्यावर येत नाही. काका रोज त्या खोलीतूनच कामावर जायचे, आणि निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की जाण्याआधी त्या फळ्यावर आपलं नाव यावं. त्यांनी हे तोंडाने कधी सांगितलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नेमका त्याच वर्षी मुलाच्या मनगटाला मुका मार लागला. मग सासरेच जोडीला गेले. जाताना आरशासमोर बाह्या दुमडत म्हणाले, बघू या तुमच्या हिरवळीवर बर्फ वितळतो का.

पुढे काय झालं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं, पण जागच्या जागी सांगून टाकते.

शेवटच्या होलपर्यंत दोघं भाऊ एका फटक्याने पुढे होते. त्यांच्या मागोमाग होती ती त्यांच्याबरोबरच खेळणारी जोडी, क्लबच्या ट्रॅक्टरवाल्याची आणि त्याच्या मेहुण्याची. त्याआधीच्या होलवर सासऱ्यांनी बॉल सरळ वाळूत घातला होता. काकांनी चकार शब्द न काढता तो बाहेर काढला. पण तिथून पुढच्या जागेपर्यंतचं चालणं सासऱ्यांच्या जिवावर आलं. मला म्हणाले, हॉलमध्ये चुकलो की निदान बसता तरी येतं गं. इथे चूक बरोबर घेऊन चालावं लागतं, आणि शेजारून दादा चालतोय.

शेवटच्या होलभोवतीच्या हिरवळीवर काकांनी लांबून बॉल ढकलला. तो येत येत होलपासून चार बोटांवर थांबला. समोरच्या जोडीचा बॉल आधीच आत गेला होता; आता सासऱ्यांनी हा आत टाकला की दोघं भाऊ एका फटक्याने जिंकले. काका होलमधून काढून बाजूला ठेवलेलं निशाण आणायला वळले. मेहुणा पिशवी आवरत होता. ट्रॅक्टरवाल्याने खाली वाकून बुटाच्या तळव्याची माती काढायला काठी आपटली. टक टक.

आणि सासऱ्यांनी बॉल उचलला.

आयुष्यभराची सवय. बॉल तोंडाशी, दोनदा टकटक, हात आपोआप खाली. बॉल तळहातात आला तेव्हा त्यांना कळलं की आपण कुठे आहोत. जागेवर खूण न ठेवता बॉल उचलला की एक फटका वाढतो, हे काकांनी त्यांच्याकडून सकाळीच घोकून घेतलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी बॉल परत होता तिथे ठेवला, काठीने आत ढकलला आणि काही बोलले नाहीत.

तो फटका मोजला असता तर बरोबरी झाली असती, आणि दोन्ही जोड्यांना एक जादा होल खेळावा लागला असता. कदाचित तोही ते जिंकले असते.

घरी कप आला. सासूबाईंनी त्यात लगेच सुट्टे पैसे ठेवायला सुरुवात केली. फळ्यावर दोघा भावांची नावं रंगवली गेली. आणि आमच्या घरातलं भांडण बंद झालं. कुणी विषय काढला की सासरे म्हणायचे, गोल्फच अवघड, माझी हार मान्य. आम्हाला वाटलं, थोरल्याचं मन राखताहेत. मग एके दिवशी त्यांनी भिंतीवर तो नियम लिहिला. एका गिऱ्हाइकाने सवयीने कडेवर टकटक केलं तर सासरे खुर्चीतून असे दचकून उठले की माझ्या हातातली चिल्लर सांडली. चोराच्या मनात चांदणं, पण मला ते चांदणं दिसायला वेळ लागला.

मी खनपटीलाच बसले. दुपारी हॉल बंद असताना ते टेबलाच्या कापडावर ब्रश फिरवत होते, तेव्हा सगळं सांगितलं. ब्रश थांबवला नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, म्हणाले. मी म्हटलं, मग सांगून टाका काकांना. तर म्हणे, त्याचं नाव लागलंय गं, आता ते मी कोणत्या तोंडाने पुसू?

मला राग आला. लाज वाटतेय ती यांना, आणि ओझं ठेवलंय भावाच्या नावावर.

पुढच्याच आठवड्यात काकांच्या बायको, आमच्या मोठ्या काकू, मला सहज सांगत होत्या, की निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत आणि त्यांचे हे हल्ली क्लबात मागच्या दाराने जातात. बुटाला माती असते, उगाच फरशी घाण होते, असं म्हणतात. काकू हसत होत्या, की इतक्या वर्षांत आत्ताच बरी फरशीची दया आली. मला हसू आलं नाही. ज्या फळ्यासाठी माणूस आयुष्यभर झुरला, तो टाळायला कुणी लांबचा रस्ता धरतं का?

मी काकांना निरोप धाडला, की एका टेबलाचा पाय डुगडुगतोय, येऊन बघा. टेबलाचे पाय ठणठणीत होते. काका हत्यारांची पिशवी घेऊन आले, खाली वाकून चारही पाय हलवून पाहिले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दाराला आतून कडी घातली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. बाहेर जायला हवं होतं, पण मी काही तेवढी भली नाही.

सासरे टेबलापाशीच होते. खडूचा ठोकळा बोटांत फिरवत म्हणाले, “दादा, शेवटच्या होलवर मी बॉल हातात घेतला होता.”

काका जमिनीवरच बसले होते. ते म्हणाले, “निशाण उचलताना मी पाहिलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो.” काकांनी पिशवीचा बंद उगाच सोडला आणि बांधला. “नाही, खोटं कशाला बोलू? तू बोलू नयेस म्हणून देव पाण्यात घातले होते.”

आपली चूक आपण सांगायची, हे या माणसाने जेवणाच्या ताटावर आम्हाला इतक्या वेळा शिकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मला तेव्हाच आठवलं आणि आठवल्याची लाज वाटली, कारण काकांची मान इतकी खाली गेली होती की मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. सासरे त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. दोघं म्हातारे टेबलाच्या पायाला टेकून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ क्लबच्या सचिवांकडे गेले. सचिव हसले. एवढ्याशा गोष्टीसाठी फळा पुन्हा रंगवायचा म्हणजे समितीची बैठक आली, राहू द्या, तुम्ही आपलीच माणसं, असं म्हणून त्यांनी दोघांना चहा पाजला. त्यामुळे नावं फळ्यावर अजून तशीच आहेत.

तिथून ते शेडमध्ये ट्रॅक्टरवाल्याकडे गेले. सासऱ्यांना वाटलं होतं तो चिडेल, चार शब्द सुनावेल, म्हणजे जरा मोकळं वाटेल. तो ऐकत राहिला. हाताला तेल लागलं होतं ते फडक्याला पुसत म्हणाला, “तेव्हाच सांगितलं असतंत तर अजून एक होल खेळलो असतो. मेहुण्याला तो दिवस फार आवडला होता.” आणि परत इंजिनात डोकं घालून कामाला लागला.

तिथून परस्पर दोघं हॉलवर आले. शिव्या खाऊन आलेला माणूस तरातरा चालतो, हे दोघं पाय ओढत आले. काकांनी आपण होऊन काठी घेतली, फावड्यासारखीच धरली, आणि सासऱ्यांनी बॉल मांडले.

काका नेहमीप्रमाणे हरत गेले. शेवटी सासऱ्यांचा काळा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबला, अगदी काठावर. पांढरा बॉल त्याच्या समोरच. काकांनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं. मग टेबलाच्या कडेवर पेरांनी दोनदा वाजवलं आणि भावाकडे बघत राहिले.

सासऱ्यांचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी मान हलवली. काठीला खडू लावला, वाकले, नेम धरला. मी गल्ल्यावरून बघत होते. काठीचं टोक थरथरत होतं. त्यांनी ती मागे घेतली, पुन्हा नेम धरला आणि मारलं. काळा बॉल पॉकेटच्या कडेला लागून बाहेर आला.

सासऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि जाऊन खुर्चीत बसले.

“खेळ दादा,” ते म्हणाले, “तुझी पाळी आहे.”