तिसऱ्या मजल्यावरचे निर्माते

महाराष्ट्रात जेवढे म्हणून सिनेमे सरकारी अनुदानावर निघतात, त्या सगळ्यांचा खरा निर्माता एकच, आणि तो नाशकात वडाळा नाक्याजवळ, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या मुलीचे ड्रॉइंगचे सर, मूळ मालेगावचे. त्यांचं म्हणणं सरळ आहे. अनुदान म्हणजे कराचा पैसा, कर आपण बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा भरतो, म्हणजे निर्माते आपणच! "कंपन्या एवढ्या मोठ्या, दारात चार-चार गाड्या, आणि त्यांना वर्गणी कोण देतं? मी!" हे ते अशा थाटात सांगतात, की अनुदानाची फाईल यांच्याच सहीसाठी अडलीय असं वाटावं. थिएटरात तिकीट काढतात, पण डोअरकीपरला "चालू द्या, चालू द्या" म्हणत आत शिरतात. गाणं परदेशात गेलं की मोठ्यानं ओरडतात, "अरे, आपला सप्तशृंगी गड काय वाईट होता? खर्च बघा जरा!" एकदा पडद्यावर दाढीवाला बाँब घेऊन आला. सर आपली पांढरी दाढी कुरवाळत मला म्हणाले, "बघा सेक्रेटरीसाहेब, पैसे माझे आणि बाँबपण माझ्याच हातात! एकदा विचारायचं तरी." मी हसलो. सरही हसले, पण मध्यंतरात त्यांनी नेहमीचा वडा काही घेतला नाही.

मी सेक्रेटरी, तो गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा. तिथं तळमजल्यावरचा एक फ्लॅट भाड्यानं द्यायचा होता. सरांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या भाभींचे, गुडघे पार गेलेले. जिना उतरवत नाही म्हणून महिना महिना त्या रस्ता बघत नाहीत. सरांनी मालकांना फोन केला, तेव्हा फ्लॅट रिकामा होता. सरांनी नाव सांगितलं आणि फ्लॅट कालच गेलेला निघाला. मीटिंगमध्ये विषय आला, तर "नॉनव्हेजवाले नकोत बुवा" असं ठरलं. आता सरांचं मटण डॉक्टरांनी केव्हाच बंद केलंय, हे मला ठाऊक होतं. पण मी मूग गिळून बसलो. पुढं सहा महिने फ्लॅट रिकामाच.

मग त्याच फ्लॅटमध्ये शूटिंग आलं. कंपनी मोठी, अर्थात अनुदानवाली. त्यांचा आचारी आमच्या पार्किंगमध्ये चिकन शिजवायचा आणि "नकोत बुवा"वाले सगळे ताटं घेऊन रांगेत! सर शूटिंग बघायला आले ते थेट डायरेक्टरला म्हणाले, "मी तुमचा निर्माता." तो बिचारा घाबरून उठून उभा राहिला. खुलासा झाल्यावर पोट धरून हसला आणि म्हणाला, घरात वावरणारं एक म्हातारं जोडपं हवंय, बोलायचं काही नाही, तुम्ही येता का?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी भाभींना खुर्चीवर बसवून खाली उतरवलं आणि सरांनी त्यांना रिक्षानं आणलं. दोन दिवस ती दोघं त्या घरात राहिली म्हणायची. सर खिडकीशी पेपर वाचत, भाभी भाजी निवडत. कॅमेरा बंद झाला तरी भाभी आपल्या दारातून अंगणात, अंगणातून घरात, नुसत्या जा-ये करायच्या. मध्ये एकही पायरी नाही ना! "भाभी खूश दिसतात," मी बोलून गेलो. कुठं काय बोलावं, अक्कल नाही मला.

"अॅक्टिंग बरी करते," सर म्हणाले.

शूटिंग संपलं. कंपनीची माणसं सामान उचलून, चावी ओट्यावर ठेवून गेली. भाभी मात्र ओटा घासत उभ्या. मी म्हटलं, "राहू द्या हो भाभी, उद्या बाई येईल."

"घर असं खरकटं टाकून जाऊ नये, भाईसाब."

त्यांनी फडकं पिळून वाळत घातलं, खिडकी लावून घेतली, दार ओढलं आणि चावी माझ्या हातात दिली. मला इतकी लाज वाटली, की काय सांगू. मी ती चावी घेतली.