सत्तर किलोमीटरवाली बॅटरी स्कूटर

कोल्हापूरकर मंडळी, आज जरा जिवाला थंड वाटतंय.

बॅटरीवरची स्कूटर घेताना शोरूमच्या मालकानं छातीठोक सांगितलेलं, एका चार्जिंगला सत्तर किलोमीटर. परवा शिरोली एमआयडीसीतनं घरी येताना काटा निम्म्यावर असतानाच गाडी बंद पडली. घरापर्यंत ढकलत आणली. मालकाला सहा फोन केले, एकबी उचलला न्हाय.

काल शोरूमला गेलतो. मालक म्हणाला, "पावणं, गाडी चांगली हाय की. तुमालाच चालवायचा अंदाज न्हाय."

म्हटलं, "मग तुमीच चालवा. रातभर तुमच्याच प्लगला लावा. सकाळी मी मागं बसतो, पन्नास किलोमीटरवरची गारगोटी गाठून दाखवा." चार गिऱ्हाइकं ऐकत हुती, त्याला न्हाय म्हणता येईना.

आज वाटेत बिद्रीच्या अलीकडं चढाला गाडी गप्प झाली. तेवढ्यात समोरनं कोल्हापूरची एसटी आली. हात केला, चढलो आणि खिडकीतनं म्हटलं, "सावकाश ढकला, पावणं. अंदाज येतोय हळूहळू."

आता घरी चहा पितोय. त्याचा सहावा फोन वाजतोय.

तुमी उचलला असता काय?