कंडक्टरकाकांचा शनिवार

रत्नागिरीत हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण आमच्या चर्चमधल्या कंडक्टरकाकांपुढे बाकीच्यांचे हट्ट म्हणजे पोरखेळ. एसटीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी तिकिटं टोचायचा लोखंडी चिमटा अजून त्यांच्या खिशात असतो. रविवारी दारात उभे राहून "आत सरका, आत सरका" असा घोष चालू. आम्ही सगळी मिळून अकरा घरं, निम्मी बाकं रिकामी, तरी सरकायचंच. प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून चिमटा वाजायचा, टक टक. पाळकसाहेबांनी एकदा जाब विचारला, तर म्हणाले, "साहेब, तुमचा स्टॉप मागे गेला."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा तुकडा खायचा. भावाशी अबोला धरून ती भाकर खाऊ नये, आधी समेट करावा, हे आम्हा सगळ्यांना लहानपणापासून पाठ. काका मात्र ते अमलात आणतात. आदल्या शनिवारी अकराही घरं पायी हिंडून दारातूनच विचारायचे, "कुणाशी अबोला?" एका घरात सासूसुनेचं निघालं. दोघींनी मिळून एक फणस सोडवेपर्यंत हा गृहस्थ ओटीवरून हलला नाही. फणस निघाला बरका, लिबलिबीत गऱ्यांचा, दोघींचे हात कोपरापर्यंत चिकट झाले, आणि एकमेकींना तेल लावताना त्या बोलायला लागल्या.

मग निवडणूक आली आणि आमची अक्कल चरायला गेली. मांडवीचा मास्तर माझा बालमित्र, चर्चमध्ये मुलांची रविवारची शाळा चालवतो. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्याचा. चर्चच्या ग्रुपवर एरवी वाढदिवस आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना, तिथे आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांवर तुटून पडलो. शेवटी मी लिहिलं, "तू विकला गेलास." मास्तर ग्रुपमधून गेला, चर्चला यायचा थांबला, आणि आणखी चार घरं घेऊन आपल्या पडवीत वेगळी उपासना सुरू करणार असं कानावर आलं. अकरातली पाच गेल्यावर घंटा वाजवायची तरी कुणासाठी?

त्या शनिवारी काका माझ्या दारात. मी आधीच सांगून टाकलं, "माझं म्हणणं खरं आहे. मी माघार घेणार नाय."

"तुझं मत कोण मागतोय, मेल्या? ते ठेव तुझ्यापाशी. माणसाला विकाऊ म्हणालास, तेवढं परत घे." मग चिमटा खिशात टाकत म्हणाले, "रत्नागिरी-पावस गाडीत मी पक्ष विचारून माणसं घेतली असती, तर गाडी डेपोतून हलली नसती. बोलावं, अगदी मोठ्याने बोलावं. पण शेजारच्याला उतरावंसं वाटेल असं बोलू नये."

मी तोंड फिरवलं. ते मांडवीला गेले, तिथे मास्तरानेही तोंड फिरवलं. रविवारी भाकरीचं ताट काकांपुढे आलं, तर ते हाताची घडी घालून बसले. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस. पाळकसाहेब थांबले, तसे काका शांतपणे म्हणाले, "दोन पॅसेंजर यायचे आहेत." मी समोरच बसलो होतो, तरी त्या दोघांतला एक मीच होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि तो गिळताना मला माझी भयंकर लाज वाटली.

तिसऱ्या महिन्याच्या शनिवारी मी काकांच्या आधी मांडवी गाठली. मास्तर दारातच होता.

"विकाऊ म्हणालो ते चुकलं," मी म्हटलं. "बाकीचं चुकलेलं नाय."

"मत मी तिकडेच देणार," मास्तर म्हणाला.

"दे. मी विरुद्ध देईन."

तो आत वळून बायकोला म्हणाला, "चहा टाक गं, हा आलाय." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काकांच्या दोन बाजूंना बसलो. त्या दिवशी काकांनी भाकर घेतली. पडवीतल्या उपासनेचं नाव पुन्हा निघालं नाही.

हल्ली काकांचे गुडघे गेले, कानही गेले. शनिवारची फेरी मी आणि मास्तर मारतो, चिमटा आळीपाळीने वागवतो, आणि अकरा घरं होईपर्यंत राजकारणावर कडाकडा भांडतो. शेवटचं घर काकांचं. परवा पाळकसाहेब तिथेच भाकर घेऊन आले होते. काकांनी खाटेवरून आमच्याकडे निरखून बघितलं.

"भांडलात?"

"रस्ताभर," मास्तर त्यांच्या कानाशी ओरडला.

"दोघं आलात ना पण?"

"आलो, काका."

"मग उभे काय? आत सरका," असं म्हणत त्यांनी ते दुखरे पाय कसेबसे जवळ ओढले आणि आम्हा दोघांसाठी खाटेवर जागा केली.