इंगोले सरांचा दुसरा धंदा

कापडाच्या दुकानात तुकडे साठत जातात. विकले जात नाहीत, फेकवतही नाहीत. आमच्या इंगोले सरांच्या गोष्टी माझ्याकडे तशाच साठल्यात. गिऱ्हाईक नसलं की एकेक उलगडून पाहतो.

सर मंगरूळपीरच्या कॉलेजात फिलॉसॉफी शिकवायचे. लेक्चर संपलं की स्टँडसमोरच्या माझ्या दुकानात गादीवर येऊन टेकायचे. एस.टी.चे कंट्रोलर वानखडे तिथं आधीच बसलेले असत. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि सरांच्या वर्गात एकच पोरगी उरली.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "सर, विषय बंद पडला तं काय करान?"

"कॉमेडी करीन! लोकं आताही हासतातच माह्यावर. फक्त तिकीट लावाचं बाकी हाये."

*

हे त्यांनी खरंच मनावर घेतलं! रिठदच्या गणपतीत विनोदी कार्यक्रम ठरवला. मी आणि वानखडे पुढच्याच रांगेत. सर तासभर बोलले. एक माणूस हसेल तर शपथ!

खाली उतरले तसा एक म्हातारा हात जोडून आला. "सर, लई चांगलं बोलले. कोन गेलं होतं?"

*

त्यात त्या म्हाताऱ्याची चूक नव्हती. आमच्याकडे सरण पेटलं की लोक तिथंच बसतात, आणि कोणीतरी उठतो, गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. तालुक्यात ते काम सरांकडेच. त्यांचा नियम एकच: मेलेल्या माणसाबद्दलही खोटं बोलायचं नाही.

सरांच्या गावचे पाटील वारले. मुलगा सरांचा विद्यार्थी, त्यानंच गळ घातली. सरांचं घर बौद्धवाड्यातलं. सर उठले.

"पाटलाच्या विहिरीचं पानी लई गोड होतं. आमच्या मायनं जिंदगीभर हे ऐकूनच तहान भागवली."

सगळे जाळाकडे पाहत बसले.

*

पण सरांची खरी परीक्षा घरीच होती. शांतावहिनी त्यांच्या विनोदाला कधी हसल्या नाहीत. लग्न झाल्यापासून नाही!

"शेठ, हिले हासवलं का त्याच दिवशी राजीनामा देतो," सर म्हणायचे. नवा किस्सा आधी आमच्यावर चालवून बघत. आम्ही पोट धरून हसलो की तोच घरी घेऊन जात.

दुसऱ्या दिवशी वानखडे विचारायचे, "काय म्हनल्या वहिनी?"

"म्हने, चहा थंडा होऊन राह्यला."

*

मग वहिनींच्या पोटात गाठ निघाली. सर त्यांना नागपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले आणि परत घेऊन आले.

"काय म्हनला डॉक्टर?" मी विचारलं.

"आपल्यासारखाच फिलॉसॉफर निंगाला. म्हने, घरी न्या, अन् खुश ठेवा!"

त्यानंतर सर दुकानात यायचे ते उभ्या उभ्या. "एखादा नवीन सांगा ना गा. माहे सारे सरले."

वानखडेंनी दोन-तीन सांगितले. सर ते घेऊन गेले. वहिनी हसल्या नाहीत.

एकदा मीच म्हटलं, "सर, किस्से राहू द्या. नुसतं म्हना, तू बरी होशीन. वहिनीले धीर येईन."

सर चपला घालत होते, थांबले. "शेठ, आजपर्यंत तिच्याशी खोटं बोललो नाही. तिले माहीत हाये ते."

*

वहिनी गेल्या. पांढरं कापड माझ्याच दुकानातून गेलं.

बुद्धवंदना झाली, सरण पेटलं, लोक बसले. आता बोलायचं कोणी? सरांना सांगायची कोणाची छाती होईना. तर सर स्वतःच उठले.

"काल हासली," म्हणाले.

वानखडेंना कुठं काय विचारावं ते कधी कळलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "कोनता सांगतला, सर?"

"मी म्हनलं, तू बरी होऊन राह्यली."