बीवाल्या अक्का

डोळे मिटलेल्या अक्कांच्या मुठीत कुठलंही बी ठेवा, अंगठ्यानं एकदा चोळून त्या नाव सांगायच्या. मूग आणि मटकीत भलेभले फसतात, अक्का नाही. तुरीचा दाणा हातात पडला की तो कधीचा, "हाई गये सालनं शे", हेही वर ऐकवायच्या, आणि ते खरं निघायचं. पारोळ्याजवळच्या त्या गावात सगळे त्यांना बीवाल्या अक्का म्हणत. त्यांचं खरं नाव बालवाडीच्या कागदांत होतं, तिथंच राहिलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी धुळ्याची, वीस वर्षांची, बालवाडीचा कोर्स करून आलेली, आणि कोर्सपेक्षा तोराच जास्त. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर झाडाचा तक्ता लावला. मूळ, खोड, पान, फूल. तिथं आधीपासून शिकवणाऱ्या, सातवी शिकलेल्या अक्कांनी तो खालून वर न्याहाळला आणि मला विचारलं, "झाड तं भितवर लायं, आते पानी कोठे टाकसू?" पोरं खिदळली. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

त्यांचा वर्ग वेगळाच चालायचा. दर सोमवारी प्रत्येक पोरानं घरून मूठभर बी आणायचं. ते सगळं एका मोठ्या थाळीत ओतायचं, मग निवडायचं, ओळखायचं, मातीत खुपसायचं. मग बारदान यायचं. पोरं जमिनीवर मुटकुळं करून झोपत, अक्का त्यांच्यावर बारदान पांघरत आणि बोटांनी पाणी शिंपडत. ज्याच्यावर थेंब पडेल त्यानं हळूहळू उगवायचं. मी मूग, मी बाजरी, मी भुईमूग. एकदा एक पोर बारदानाखाली खरंच झोपून गेलं. मी उठवायला गेले तर अक्कांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. काही बी उशिरा उगतस."

त्यांची आणखी एक सवय होती. पोराला काही विचारायचं असलं की आधी खाली बसायच्या, त्याच्या तोंडासमोर तोंड येईल इतक्या. मला उभ्यानं विचारायची सवय. "तू वरतून बोलस, त्याले पाऊस वाटस," असं म्हणून त्या माझा पदर ओढायच्या. मला ते नाटकी वाटायचं.

पेरण्या नुकत्याच आटोपल्या होत्या, तेव्हाचा तो सोमवार. अक्का विहिरीवर पाण्याला गेल्या होत्या. एका पोरानं कागदाची पुडी आणून दिली. आत गुलाबी दाणे होते, बडीशेपेच्या गोळ्यांसारखे सुंदर. मी शहरातली. मला वाटलं, कुणीतरी हौसेनं ज्वारी रंगवली असेल. मी ती पुडी थाळीत ओतली. पोरं तुटून पडली.

अक्का हंडा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. हंडा खाली ठेवला नाही, सोडलाच. "हाई कोनी वतं?"

"मी," मी म्हटलं.

"पेरानं बी शे ते. त्याले जहर लायेल शे."

शेतातली कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं, पेरणीतून उरलेलं बियाणं होतं ते. बावीस पोरं, आणि जवळजवळ सगळ्यांची बोटं गुलाबी. थाळीच्या कडेचे दाणे उपसलेले दिसत होते. मी ओरडायला सुरुवात केली. कोणी खाल्लं? खरं सांगा! पोरांनी हात पाठीमागे लपवले. दोघं तर रडायलाच लागली.

अक्कांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मग अगदी रोजच्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "चला रे, बी ले झोप उनी."

पोरं झोपली. अक्का बारदान न पांघरताच एकेकाजवळ बसत गेल्या, थेंब शिंपडून कानाशी विचारत गेल्या, "तू कोठे पडना रे बी? मातीमा, खिसामा, का पोटमा?" कुणी म्हणालं मातीत. एकानं खिशातून चार दाणे काढून दिले. मला वाटत होतं, आता किंचाळावं. इतका वेळ? पण त्या घाई करत नव्हत्या.

चार पोरं उरली होती. त्यातल्या सुमननं डोळे न उघडताच सांगितलं, "मी पोटमा शे."

अक्कांनी तिला उचलून कडेवर घेतलं, आणि उरलेल्या तिघांनाही तसंच खाली बसून विचारलं. मी असते तर धावत सुटले असते. तिघंही मातीत पडलेली निघाली, तेव्हा कुठं त्या पळाल्या. गावातल्या कंपाउंडरच्या फटफटीवर मागे बसून पारोळ्याच्या दवाखान्यात गेल्या. मी एकवीस पोरांचे हात साबणानं धूत बसले, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी निरोप आला की पोरीला ओकाऱ्या झाल्या, पण ती वाचली.

चौथ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. सुमनची आई उभी राहिली. "मनी पोरले जहर कोनी दिधं?"

पुडीचा कागद माझ्या पिशवीत होता. मी तोंड उघडायच्या आतच अक्का म्हणाल्या, "थाळी मनी शे. मीच वतं."

त्यानंतर तरी मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. भित्री होते, एवढंच खरं आहे. अक्कांना त्याच आठवड्यात काढलं.

त्या पहूरला भावाकडे निघाल्या, तेव्हा मी स्टँडवर गेले. म्हटलं, "अक्का, मी सांगते सगळ्यांना."

"आते सांगशी तं तुले बी काढतीन. मंग ह्या पोरे कोनाकडे बसतीन?" एसटीची पायरी चढून त्या वळल्या. "पन कधी कोनी विचारं, तं खोटं सांगू नको."

बारा वर्षं कुणी विचारलं नाही. मी सोमवार चालू ठेवले, पुडी आधी स्वतः उघडून बघू लागले, खाली बसायला शिकले. मग एका सकाळी दहावीतली सुमन भाच्याला बालवाडीत सोडायला आली. जाता जाता सहज म्हणाली, "बाई, मी धाकली व्हती तवय एक बाईनी माले जहर खावाडं म्हनतस. कशी व्हती हो ती?"

मी उभी होते. आधी खाली बसले, तिलाही बसवलं.

"पुडी मी ओतली होती, सुमन. तुला उचलून पळाल्या, त्या अक्का."

तिनं विचारलं, "त्या अक्का आते कोठे शेतस?"

दोन वर्षांपूर्वी पहूरलाच त्या वारल्या होत्या. तेही मी तिला सांगितलं.