सुया, शेवंती आणि आईंची वेणी

परवा गिरीजला लग्न होतं. नवरीच्या पाठवणीला सगळे रडत होते आणि आमच्या आई चक्क हसत होत्या... आई म्हणजे माझ्या सासूबाई. आता हे का, ते सांगते.

गिरीज त्यांचं माहेर, फुलांची वाडी. घरातल्या प्रत्येक नवरीची वेणी केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळल्या सालीच्या दोऱ्याने आईंनीच बांधायची, हा त्यांचा मान. यंदा भावाच्या नातीचं, सायलीचं लग्न ठरलं आणि नेमके आईंचे डोळे रुसले.

सारखी चुरचुर, वाळू गेल्यासारखं... चार फुलं गुंफली की डोळे मिटून बसायच्या. "यंदा वेणी विकत आणा," म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ड्राय आय, डोळ्यांतलं पाणीच आटलंय. थेंब दिले. आमच्या एव्हरशाईन वसाहतीत चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडेही जाऊ का विचारलं. "जा, पण थेंब सोडायचे नाहीत," म्हणाले.

तिथे भुवयांपाशी बारीक बारीक सुया. "जन्मभर हार करताना फुलांना टोचल्या, त्याचीच फेड ही," असं म्हणून आई तिथेच घोरायला लागल्या.

बाईंनी गरम पाण्यात घालून प्यायला सुकी शेवंती दिली. मी ती वाटीत काढून ओट्यावर ठेवली आणि लॅपटॉप उघडून बसले. संध्याकाळी बघते तर वाटी घासून पालथी...

"निर्माल्य ओट्यावर ठेवतात का गं?" आईंनी मलाच झापलं. सगळी शेवंती निर्माल्याच्या पिशवीतून, वाडीवरून फुलं घेऊन आलेल्या गड्याबरोबर गिरीजला, केळीच्या बुंध्याशी पोचली होती.

"आई, ते तुमचं औषध होतं."

त्यांनी वाटी सुलटी करून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे, आता केळीला लांबचं दिसेल."

दुसरं पाकीट आणलं. त्यातलं एक फूल रोज आधी देवाला, मगच कप तोंडाला. हळूहळू चुरचुर कमी झाली. थेंबांनी, सुयांनी की शेवंतीने, ते मला विचारू नका.

लग्नाच्या सकाळी आईंनी पडवीत बसून एका बैठकीत वेणी बांधली. पाठवणीला सायली ती माळून गळ्यात पडली आणि आईंचे डोळे घळाघळा वाहायला लागले. मी रुमाल पुढे केला...

हसत माझा हात बाजूला सारला त्यांनी. "राहू दे गं. किती दिवसांनी पाणी आलंय, वाहू दे की जरा."

रुमाल मग मलाच लागला.