चौथं चित्र

आमच्या शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं ठरलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, "कोणाला काही येतं का?" सगळ्यांनी चहाच्या कपात डोकं घातलं. मी म्हणाले, "मला येतं."

मला काहीच येत नव्हतं. डीएडला असताना दहा दिवसांच्या कराटे शिबिराला गेले होते, त्यातले चार दिवस तापाने झोपून होते. पण वर्गात उत्तर येत नसलं तरी हात वर करायची माझी लहानपणापासूनची खोड आहे. पुढे तीच खोड पगाराला लागली, म्हणजे मी शिक्षिका झाले.

त्याच आठवड्यात जळगावला गेले आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराने फळीच्या मागून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे जमिनीवर आडवं पडून खेळायची कुस्ती. पानोपानी फोटो, प्रत्येक डावाला एक-दोन-तीन-चार असे क्रमांक, खाली दोन-दोन ओळी. पांढऱ्या जाड कपड्यातली एक बारकी बाई आपल्या दुप्पट माणसाखालून निसटते आणि वर त्याचाच हात धरून बसते. आमच्या मुलींना हेच हवं, असं मला तिथल्या तिथे वाटलं. लोक म्हणतात मोबाइलवर सगळं दिसतं. दिसतं, पण हात कुठून गेला ते कळेपर्यंत व्हिडिओ पुढे गेलेला असतो. पुस्तक थांबतं. मी पुस्तकावरून शिकणारी बाई आहे.

सुरुवातीची तीसेक पानं नुसती मजकुराची होती, एकही फोटो नाही. ती मी सोडली. प्रस्तावना परीक्षेला येत नाही, हे मी वर्गात इतकी वर्षं सांगत आले आहे. स्वतःलाही तेच सांगितलं आणि थेट पहिल्या फोटोवर गेले.

डाव एकटीने करता येत नाहीत, दुसरं अंग लागतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो गावभर हसला असता. म्हणून मी जावेला घेतलं. ती माझ्या धाकट्या दिराची बायको. माहेर धुळ्याकडचं, नरडाण्याजवळचं एक खेडं. सावद्याला आमच्या घरात येऊन तिला बारा वर्षं झाली, तरी तिची बोली सुटली नाही. मला ती अक्का म्हणते. मी काही सांगितलं की "चालस" म्हणते आणि कामाला लागते. भाजी चीर, चालस. शाळेच्या डब्याला उशीर होतोय, चालस. माझ्या अंगाखाली आडवी पड, चालस.

पुस्तक पहिल्यांदा बघितलं तेव्हा मात्र ती तोंडाला पदर लावून हसली होती. "अक्का, हाऊ बाप्या हिना आंगवर बठेल शे, आनि ही हासी राहिनी!"

आमच्या घरामागे केळी भरायचं शेड आहे. खोक्यात फण्यांच्या मध्ये घालायचा पातळ फोम तिथे गुंडाळ्यांनी पडलेला असतो. त्याच्या पाच-सहा घड्या घातल्या, वर जुनी गादी टाकली. दुपारी माणसं जेवून लवंडली की आम्ही दोघी नवऱ्यांच्या ट्रॅकपँट चढवून शेडात. पुस्तक उघडं राहावं म्हणून पानावर काट्याचं दोन किलोचं वजन ठेवायचं. मी वाचायची, मराठीत सांगायची, ती करायची. खरं सांगते, तिला माझ्यापेक्षा लवकर जमायचं. शेतात वाढलेलं अंग. मी पुस्तकात बघून पाय शोधत असायची, तोवर तिचा पाय योग्य जागी जाऊन बसलेला असायचा. मला ते फारसं आवडत नव्हतं.

इथे आखाजीचं सांगायला हवं, नाहीतर माझी लाज पुरती कळायची नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. आमरस, आणि त्याच्याबरोबर खापरावरचे मांडे. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत वाढवत न्यायचा, आणि पातळ झाला की चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायचा. मध्ये भोक पडलं की संपलं. आमच्या गल्लीत माझ्या जावेसारखा मांडा कोणाला येत नाही. लोक नुसतं बघायला यायचे. बारा वर्षांत त्या घरात तिचं असं जे काही होतं, ते एवढंच. शिक्षण माझं, पगार माझा, मुलगे माझे. मांडे तिचे. आखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, पण हिला मांड्यांपायी दुसऱ्या दिवशी सोडायचे. तिने कधी कुरकूर केली नाही. मला वाटतं, त्या एका सकाळसाठी तिला ते परवडत होतं.

पुस्तक आणलं त्याच्या आदल्या आखाजीला सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मास्तरीणबाईले पुस्तकं येता, पोळी येत नही." सगळे हसले. मीही हसले. आणि वर्षभर ते वाक्य दाताखाली खड्यासारखं धरून ठेवलं.

त्या दिवशी आखाजीला तीन आठवडे होते. डाव हाताचा होता. ती उताणी, मी तिच्या बाजूला आडवी, माझे पाय तिच्या छातीवरून पलीकडे, तिचा डावा हात माझ्या मांड्यांच्या मध्ये. मग तिचं मनगट आपल्या छातीशी धरायचं आणि कंबर वर उचलायची. चार फोटो. तीन झाले. चौथ्या फोटोत त्या माणसाचा हात सरळ ताणलेला होता, पट्टीने रेघ मारल्यासारखा. मी मान वळवून वजनाखालच्या पानाकडे पाहिलं. आमचा हात तसा दिसत नव्हता. कंबर आणखी उचलली. परत पाहिलं. अजून तसा नव्हता.

ती काही बोलली नाही. "दुखतंय का?" असं मी एकदा विचारलं होतं, त्याला ती "काही नई व्हस, अक्का" म्हणाली होती. तिचा दुसरा हात फोमची कड घट्ट धरून होता, हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी ते बघितलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात आखाजीचं ते वाक्य नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मला जिंकायचं होतं, एवढं नक्की. मी कंबर आणखी वर उचलली.

शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज झाला.

ती तेव्हाही ओरडली नाही. तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. आणि मी काय केलं? आधी पुस्तक उचललं. केळी धुवायच्या टाकीमागे जिथे खोकी ठेवतात, तिथे ते लपवलं. मग तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "टाकीजवळ पाय घसरला असं सांगू या. चालेल ना?"

पांढऱ्याफटक तोंडाने ती म्हणाली, "चालस."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, "टाकीजोडे पाय घसरना." घरी सासूबाई तिच्यावरच खेकसल्या, "पाहून चालता येत नही का वं? तोंडावर सण आला!" मी एक्स-रेचं पाकीट हातात धरून शेजारी उभी होते. त्या वर्षी तिला सणाच्या आधीच माहेरी पाठवलं. प्लास्टरातल्या हाताचा घरात उपयोग नव्हता. बारा वर्षांत पहिल्यांदा ती आखाजीला आईकडे होती, आणि त्यासाठी तिला हात मोडून घ्यावा लागला.

घरी मी मांडे करायला उभी राहिले. पहिला फाटला, दुसरा चुलीत पडला. शेवटी तव्यावर साध्या पोळ्या झाल्या. आमरस तोच होता, पण दुसऱ्यांदा कोणी मागितला नाही.

ती माहेरी असतानाच एका दुपारी मी ते पुस्तक खोक्यांमागून काढलं. जाळून टाकावं असं मनात होतं. पण सवय कुठे जाते? पहिल्या पानापासून वाचायला बसले. मी सोडलेल्या पानांत सुरुवातीलाच होतं की कुठलाही डाव शिकायच्या आधी दोघांनी थोपटणं शिकायचं. दुखायला लागलं, नकोसं झालं, नुसती भीती वाटली, तरी समोरच्याच्या अंगावर हाताने दोनदा थोपटायचं. हात अडकलेला असेल तर पायाने, तेही नसेल तर तोंडाने. आणि ज्याला थोपटलं त्याने त्याच क्षणी सोडायचं, का म्हणून विचारायचं नाही. हाच पहिला धडा, हा आल्याशिवाय पुढचं पान उलटू नये, अशा अर्थाचं काही लिहिलं होतं.

मी शेडात त्या फोमवर बसून रडले. पण तेही मला पुरतं पटलं नाही. कारण थोपटणं शिकवलं असतं तरी तिने थोपटलं असतं का? बारा वर्षांत मोठ्या जावेला "पुरे" म्हणायची सोय आम्ही तिला कुठे दिली होती? आणि मी कधी विचारलं होतं, ते खरंच ऐकण्यासाठी?

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मुलींना मी पहिले दोन आठवडे फक्त थोपटणं शिकवलं. एकीने थोपटलं की दुसरीने सोडायचं, बस्स. पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, बाईंनी आधी थांबायला शिकवलं, हे फार मोठं काम केलं. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी शाल दिली. ती शाल मी घरी आणली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवली, तर जावेनेच ती काढून घडी नीट घातली आणि वर ठेवली. घडी घालताना तिचा डावा हात कोपरात अडत होता. प्लास्टर निघालं, तेल झालं, शेक झाले, पण हात पुरता सरळ व्हायला चार बोटं कमीच पडतात. तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

मग पुढची आखाजी आली.

खापर तापलं. गल्लीतल्या बायका नेहमीसारख्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिने गोळा घेतला. उजवा हात पहिल्यासारखाच चालला, पण डाव्यावर आला की मांडा एका बाजूला घसरायचा. पहिला फाटला. तिने तो मुकाट्याने परातीत ठेवला आणि दुसरा घेतला. तोही फाटला. तिसरा तिने घेतलाच नाही. हात पुसले आणि चुलीपासून मागे सरकली. सासूबाई दारातल्या बायकांना म्हणाल्या, "पाय कुठे टाकावा ते समजे नही हिले. हातची कला घालवली."

"तिचा पाय घसरला नव्हता," मी म्हणाले. "तिचा हात मी मोडला. शेडात. पुस्तकातला कुस्तीचा डाव करताना. आणि खोटं बोलायला मीच सांगितलं."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आता सांगू राह्यली?" एवढंच म्हणाल्या, चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि आत निघून गेल्या. दारातल्या बायका एकेक करून निघून गेल्या. दुपारपर्यंत गल्लीभर झालं असणार. व्हायलाच हवं होतं.

आम्ही दोघीच राहिलो. मी तिला विचारलं, वर्षभर पोटात ठेवलेलं. "तू थांबा का नाही म्हणालीस गं?"

ती परातीतले फाटलेले मांडे गोळा करत होती. "माले वाटनं, तुम्हले दिखी राहिनं," ती म्हणाली. मग परात बाजूला सारून, "पन तुम्ही ते पुस्तकमा देखी राहिना व्हतात."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

खापर अजून गरम होतं, पुरण अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. तिने एक गोळा भरला, आणि माझे हात धरून पुढे केले. "घ्या, अक्का." गोळा माझ्या हातांवर ठेवला. तो वाटतो त्यापेक्षा जड असतो. तिने उजव्या हाताने माझं कोपर खालून उचललं, मनगट फिरवलं, या हातावरून त्या हातावर कसं न्यायचं ते दाखवलं. मांडा वाढत गेला, मनगटापर्यंत, मग त्याच्याही वर. खांदे भरून आले. मी दात दाबून धरले. माझी नजर मांड्यावर खिळलेली होती, भोक पडतंय का म्हणून. मी काही बोलणार नव्हतेच.

"थकनात ना? ठेवा खाले," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. ती मांड्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.